कारण अनिश्चित

जळालेल्या दुकानात उभं केलं की माझा मुलगा पाच-दहा मिनिटांत सांगतो, आग कुठून लागली. विमा कंपनीसाठी आगी तपासणं हा त्याचा धंदा आहे. राखेत बूट घालून फिरतो, भिंतीवरची काजळी मान वाकडी करून बघतो आणि म्हणतो, "वायरिंग नाही. मागच्या खोलीत हीटर चालू राहिला होता." शेजारी दुकानदार डोळे पुसत असतो, त्याच्याकडे याचं लक्ष नसतं. माणसाचं काय जळलं हे बघणं त्याचं काम नाही. कशामुळे जळलं आणि कंपनीला हात कसे झटकता येतील, एवढंच त्याचं काम.

हे काम तो फार नीट करतो असं सगळे म्हणतात. मीही म्हणायचे. मी स्वतः कोर्टात लघुलेखक होते. आरोपी, साक्षीदार, वकील, सगळ्यांचं बोलणं उतरवण्यात माझी सगळी नोकरी सरली, त्यामुळे खोटं बोलणाऱ्याचा श्वास कुठे अडकतो ते मला बसल्या जागी कळतं. पोटचा पोर समोर आहे म्हणून कान बहिरे होत नाहीत. राग आला की मी त्याला चिरंजीव म्हणते. या गोष्टीत ते शेवटपर्यंत चिरंजीवच राहणार आहेत.

चिरंजीवांचा एक मास्क आहे. काळ्या रबराचा, दोन्ही गालांवर गोल डब्या असलेला. दाराशी खुंटीला टांगलेला असतो. विझलेल्या आगीचा धूरसुद्धा फुप्फुसाला वाईट, असं ते हाताखालच्या नव्या मंडळींना शिकवतात. त्यांना फोनवर ओरडताना मी कितीदा ऐकलंय: "धूर कुणाचा, कशाचा, ते मागाहून ठरेल! आधी मास्क! मास्क नसेल तर आत पाऊल टाकायचं नाही!" हे वाक्य ते तोंडातली सिगरेट बाजूला काढून बोलतात.

सिगरेट जेवणानंतर टेबलाशी एक, पलंगावर उशीला टेकून एक, आणि मधल्या किती त्या मोजायला माणूस ठेवावा लागेल. कुणी बोललं की उत्तर ठरलेलं, "खिडकी उघडी आहे ना?" त्यांचं लग्न होऊन सव्वीस वर्षं झाली. सव्वीस वर्षं त्या बिचाऱ्या खिडकीनं सगळा आळ आपल्या अंगावर घेतला. मी बोलले, सून बोलली, दोघी मिळून भांडलो. "आई, तू आता कोर्टात नाहीस," हे ऐकून घेतलं. पालथ्या घड्यावर पाणी.

सून शाळेत गणित शिकवते. तिचा आवाज असा, की मागच्या बाकावर डुलक्या घेणारा दचकून पाढे म्हणायला लागेल. गेल्या वर्षी तो आवाज बसायला लागला. मग कोरडा खोकला. चिरंजीव म्हणाले, खडूची धूळ. शाळेत खडू जाऊन पेनचे पांढरे फळे आले त्याला जमाना लोटला होता. मग म्हणाले, समोरचं बांधकाम. बांधकाम संपलं, इमारतीत माणसं राहायला आली, त्यांच्या बाल्कनीत कपडे वाळायला लागले, खोकला होता तिथंच. मग म्हणाले, पडदे. पडद्यांवर धूळ बसते. सुनेनं बेडरूमचे पडदे बादलीत भिजवले. पाणी पिवळट काळं निघालं आणि सगळ्या बाथरूमभर जळका वास सुटला. मी बघितलं, तिनं बघितलं. ते पाणी कशाचं हे सांगायला आमचे विम्याचे सर्व्हेअर नेमके घरी नव्हते.

एक दिवस रुमालाला रक्त लागलं. मग फोटो, स्कॅन, सुई घालून काढलेला तुकडा. डाव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात कॅन्सर.

सर्जन बुटका आणि कमी बोलणारा होता, मला आवडला. त्यानं सुनेला विचारलं, "सिगरेट?"

"कधीच नाही."

"घरात कुणी?"

सून नवऱ्याकडे बघायला लागली. चिरंजीव म्हणाले, "मी. अधूनमधून. खिडकीशी."

अधूनमधून! माझी जीभ शिवशिवली, पण सुनेनं टेबलाखालून माझा हात दाबला.

"दुसऱ्यानं सोडलेला धूरही फुप्फुसाला चालत नाही," सर्जन म्हणाला. "पण आता कारण शोधत बसण्यात अर्थ नाही. गाठ लहान आहे, पसरलेली दिसत नाही. सोमवारी काढून टाकू."

बाहेर येऊन गाडीत बसेपर्यंत सून सारखी नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. मला कळत होतं ती कशाची वाट बघते आहे. त्यानं रडावं असं तिचं म्हणणं नव्हतं, पाया पडावं असंही नव्हतं. एक वाक्य हवं होतं तिला, ऑपरेशनच्या टेबलावर चढण्याआधी. 'माझ्यामुळे झालं असेल.' त्यातला 'असेल' तिनं आनंदानं ठेवून घेतला असता.

चिरंजीवांनी गाडी सुरू केली आणि म्हणाले, "डॉक्टर लोकांना सगळं सिगरेटवर ढकलायची सवयच असते."

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. चिरंजीवांना दुसऱ्या दिवशी सकाळी विषाणूचा सापडला. फोनवर कुठलासा लेख वाचत ते चहाला आले आणि उभ्या उभ्याच वाचून दाखवायला लागले. ह्युमन पॅपिलोमा व्हायरस, एचपीव्ही. बायकांच्या गर्भाशयाच्या तोंडाला ज्यामुळे कॅन्सर होतो तोच. कधीही सिगरेट न ओढलेल्या काही रुग्णांच्या फुप्फुसातल्या गाठींमध्ये त्याच्या खुणा मिळाल्या आहेत, आणि त्याचा फुप्फुसाच्या कॅन्सरशी संबंध असू शकतो असं काही संशोधकांना वाटतं.

"कधीही न ओढलेल्या!" चिरंजीव म्हणाले. "ऐकलंस?"

मी म्हटलं, "आण इकडे." चष्मा लावून खालचं वाचलं. खाली लिहिलं होतं की बाकीच्या अनेक ठिकाणी शोधूनही तो सापडलेला नाही, एका ठिकाणचा आकडा दुसऱ्याशी जुळत नाही, तपासणीतच गफलत होऊ शकते, आणि संबंध आहे असं म्हणायला अजून पुरेसा पुरावा नाही.

"ते पुढचं झालं," त्यांनी फोन काढून घेतला. "मुद्दा वर आहे."

कोर्टात असे वकील मी बघितले आहेत. निकालपत्राची पहिली ओळ मोठ्यानं वाचतात आणि पान उलटायच्या आत खाली बसतात. पण ते निदान दुसऱ्याच्या वतीनं बोलायचे.

लेख कुटुंबाच्या ग्रुपवर गेला. वर चिरंजीवांचं वाक्य, 'दरवेळी कारण सिगरेटच असते असे नाही.' माझ्या लेकीनं, म्हणजे त्यांच्या बहिणीनं, हात जोडल्याचं चित्र पाठवलं. ती बारशाला आणि मयताला तेच चित्र पाठवते. सर्जनला फोन केला तर तो म्हणाला, या तपासणीनं उपचारात काहीही बदल होणार नाही, हौस असेल तर ऑपरेशननंतर करू. पण चिरंजीवांना निर्दोष सुटायची घाई होती. हॉस्पिटलात नातेवाईक म्हणून सही करून त्यांनी सुनेच्या तुकड्याची मेणाची वडी ताब्यात घेतली. काढलेला तुकडा मेणात बसवून ठेवतात आणि लागेल तेव्हा त्याचे पातळ काप काढून तपासतात, हे मला तेव्हा कळलं. ती वडी घेऊन ते एका खाजगी लॅबमध्ये गेले. मी गाडीत होते, मला पुढे दातांच्या डॉक्टरकडे सोडायचं होतं. काचेतून सगळं दिसत होतं. काउंटरवरची मुलगी रांग दाखवत होती आणि चिरंजीव आपलं ओळखपत्र तिच्या नाकासमोर नाचवत होते.

परत येऊन म्हणाले, "आत्ताच्या आत्ता घ्यायला लावली. आपण तपास क्षेत्रातली माणसं, आपल्याला माहीत असतं कुठे आवाज चढवायचा."

दोन दिवसांनी निकाल आला. पॉझिटिव्ह.

बायकोच्या गाठीत विषाणू सापडला म्हणून हरखलेला नवरा मी तरी दुसरा बघितलेला नाही. घरभर फिरून तीच गोष्ट तीनदा सांगितली. सुनेचं दुखणं कळल्या दिवशी मी ॲशट्रे उचलून चपलांच्या कपाटात टाकला होता. तो धुऊन पुसून पुन्हा जेवणाच्या टेबलावर आला. संध्याकाळी लेक आली. वहिनीला भेटायला, असं ती म्हणाली.

जेवण चाललं होतं. लेकीच्या एका हातात घास आणि दुसऱ्यात फोन. एकदम तिनं आवाज खाली आणला. सगळ्यांना ऐकू जावं असं वाटतं तेव्हा लोक आणतात तसा.

"दादा, पण हा विषाणू पसरतो कसा, ते वाचलंस का?"

"कसा म्हणजे?"

"म्हणजे... संबंधांतून. नवरा-बायकोच्या. किंवा..." आणि 'किंवा' तिनं तिथंच टेबलावर वाढून ठेवला.

चिरंजीवांचा घास हातातच राहिला. हात दाखवून अवलक्षण कसं असतं ते मला त्यांच्या चेहऱ्यावर बघायला मिळालं. धूर नको म्हणून हौसेनं विषाणू आणला होता, आता विषाणू विचारत होता की मला घरात कुणी आणलं. त्यांनी आणला असेल, किंवा तिनं. मी त्यांचा चेहरा बघत होते. ते हिशेब करत होते. तपास करणाऱ्याचं एक बरं असतं, आरोपी त्यालाच निवडता येतो.

चिरंजीवांनी घास गिळला, पाणी प्यायले आणि अगदी मायेनं म्हणाले, "जाऊ दे. लग्नाआधीचं मी काही विचारत नाही."

सुनेच्या हातात डाव होता. तो तिनं भांड्यात ठेवला.

"विचारायचं असेल तर विचारा," ती म्हणाली.

"नाही, नाही. मी मोठ्या मनाचा माणूस आहे."

"मग सोमवारी माझं ऑपरेशन आहे, तेवढं त्या मनात असू द्या. मी झोपते." आणि ती खोकत आत गेली.

"वहिनींना राग आला वाटतं," लेक म्हणाली. "चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते..."

"तू हात जोडायचं चित्र पाठव आणि घरी जा," मी तिला म्हटलं. मग चिरंजीवांकडे वळले. "आणि तुझं मन एवढं मोठं आहे ना, तर हा ॲशट्रे त्यात ठेव आणि माझं टेबल मोकळं कर."

दोघं गप्प बसली, पण घर गप्प बसलं नाही. भेटायला येणाऱ्यांची तऱ्हाच बदलली. कॅन्सर कळला तेव्हा हीच माणसं सुनेला मिठ्या मारून गेली होती. आता एक मावशी आल्या, त्यांनी खुर्चीवर रुमाल पसरला आणि त्यावर बसल्या. दुसऱ्या एकीनं चहा नको म्हटलं, मग माझ्या हातचा आहे कळल्यावर घेतला. फुप्फुसातल्या गाठीनं जे केलं नव्हतं ते एका विषाणूच्या नावानं केलं. असल्या बिनडोक माणसांना मी आयुष्यभर चहा पाजला याचं मला वाईट वाटलं. सून सगळ्यांना निरोप द्यायला दारापर्यंत जात होती, मान ताठ ठेवून, आणि परत येऊन खिडकीशी उभी राहत होती.

रविवारी सर्जनचा फोन आला. चिरंजीवांनी तो रिपोर्ट मोठ्या अभिमानानं त्याच्याकडे पाठवून दिला होता. आम्हाला बोलावलं. लेकही आली, ती कुठे नसते?

"उद्याचं ऑपरेशन मला पुढे ढकलावं लागतंय," सर्जन म्हणाला.

"का?" सुनेनं विचारलं.

"गाठीत हा विषाणू खरंच असेल, तर ती गाठ फुप्फुसातच उगवली की दुसरीकडून तिथे आली, ते आधी बघायला हवं. गर्भाशयाच्या तोंडातून, घशातून. दुसरीकडून आली असेल तर ऑपरेशनचा सगळा विचारच बदलतो. मी तुम्हाला म्हटलं होतं की ही तपासणी आत्ता नको." शेवटचं वाक्य चिरंजीवांसाठी होतं. त्यांना ते लागलं नाही. त्यांना दुसरंच काही हवं होतं.

"डॉक्टर, ही लागण साधारण केव्हाची असेल? लग्नाआधीची?"

सर्जननं पेन खाली ठेवलं. "हा विषाणू इतका सर्रास असतो की बहुतेक माणसांना आयुष्यात कधी ना कधी होऊन जातो. शरीर बहुतेक वेळा त्याला हाकलून देतं. कधी वर्षानुवर्षं गप्प बसून राहतो. कुणाकडून आला, कधी आला, ते कुणाचा बापही सांगू शकत नाही. तुम्हालाही होऊन गेला असेल. तुमचं तपासू का?"

चिरंजीवांची खुर्ची मागे सरकली. लेक छताचा पंखा निरखायला लागली.

मग सुरू झाली रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला अशी गत. दुखणं फुप्फुसाचं, आणि सुनेला खालून तपासलं, घशात नळी घालून बघितलं, पुन्हा स्कॅनच्या बोगद्यात निजवलं. प्रत्येक ठिकाणी वेगळी रांग आणि वेगळी तारीख. दिवस जात होते. खोकला वाढला. हॉस्पिटलच्या बाकावर बसून ती मला म्हणाली, "आई, मी पोरांना पहिल्या दिवशी सांगते, उत्तर आधी ठरवून गणित सोडवायचं नाही. आणि माझ्याच घरात हे चाललंय."

"तू त्याला स्पष्ट बोल," मी म्हटलं.

"मी बोलले तर ते भांडण होईल. त्यांनी बोलायला हवं." थोड्या वेळानं म्हणाली, "मरायची भीती वाटतेय मला, आई. पण हे डोक्यात घेऊन मरायची जास्त वाटते."

मी तिचा हात धरून बसले.

तपासण्या सगळ्या स्वच्छ आल्या. सर्जननं मधल्या काळात त्याच मेणाच्या वडीतून नवा काप काढायला लावून दुसऱ्या मोठ्या लॅबकडे पाठवला होता. तिथे विषाणू सापडला नाही. पुन्हा बघितलं, तरी नाही. मग पहिल्या लॅबच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला स्वतःहून बोलावलं. साधारण सुनेच्या वयाच्या. आम्ही बसायच्या आतच त्या म्हणाल्या, "चूक आमची."

त्यांनी सांगितलं ते असं. मेणाची वडी एका यंत्राला लावतात आणि धारदार पात्यानं तिचे काप काढतात. विषाणूची तपासणी असली की आधी पातं बदलायचं, यंत्र पुसायचं, मगच वडी लावायची, असा नियम. त्या दिवशी सकाळपासून त्या यंत्रावर गर्भाशयाच्या तोंडाचे तुकडे कापले जात होते, त्यात हा विषाणू भरपूर. सुनेच्या वडीची पाळी दुपारी होती, नव्या पात्यावर.

"पण साहेबांनी काउंटर डोक्यावर घेतला होता," बाई म्हणाल्या. "ओरडा आतपर्यंत ऐकू येत होता. म्हणून आमच्या माणसानं मधेच ती वडी लावली आणि पातं तेच राहिलं. आधीच्या तुकड्यातला कण तुमच्या कापात आला. ही तपासणी अशी आहे की तिला कणसुद्धा पुरतो. तरीही ओरड्याला घाबरून नियम मोडायला नको होता. चूक आमचीच." मग त्या सुनेकडे वळल्या. "तुम्हाला याचा फार त्रास झाला असेल. मी माफी मागते."

सून म्हणाली, "तुम्ही सांगितलंत ना. झालं."

चूक आमची. दोन शब्द. ती बाई आमची कुणीही लागत नव्हती, आणि बोलून तिची जीभ झडली नाही. मी चिरंजीवांकडे बघितलं. काउंटर डोक्यावर घेणारे ते साहेब कोण हे जणू त्यांनाही बघायचं होतं, अशा चेहऱ्यानं ते बसले होते.

घरी आनंदीआनंद. साप साप म्हणून भुई धोपटणारे आता साप नव्हताच म्हणून एकमेकांची पाठ थोपटत होते. ग्रुपवर अभिनंदन. रुमालवाल्या मावशींनी फुलं पाठवली. लेकीनं फोन केला, मी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"वहिनी, रिपोर्ट चांगला आला! सुटलात!"

"कशातून?" सुनेनं विचारलं.

लेक पलीकडून 'म्हणजे ते...' म्हणायला लागली. सून म्हणाली, "गाठ आहे तिथंच आहे हो." आणि फोन माझ्याकडे दिला.

चिरंजीव मात्र उदास होते. घरातला सगळ्यात सोयीचा आरोपी सुटला होता. टेबलाशी बसून विचार करता करता त्यांना सुचलं आणि चेहरा उजळला. "म्हणजे आता असं म्हणावं लागेल," ते म्हणाले, "की कारण अनिश्चित."

हे त्यांच्या धंद्यातलं वाक्य आहे. आग कुणी लावली नाही, कुणाच्या हलगर्जीनं लागली नाही, तपास बंद. सुनेनं ते ऐकलं. त्या दिवसापासून तिनं त्यांच्या तोंडाकडे बघायचं सोडून दिलं.

ऑपरेशन तीन आठवडे उशिरा झालं. फुप्फुसाचा खालचा भाग काढला. सर्जन बाहेर आला, टोपी काढली आणि म्हणाला की गाठ पूर्ण निघाली, पण शेजारच्या एका लहान ग्रंथीतही रोग मिळाला आहे. आता काही महिने औषधं द्यावी लागतील, कडक औषधं.

"उशीर झाला म्हणून?" मी विचारलं.

"सांगता येत नाही, आजी. कदाचित आधीपासूनच असेल. कदाचित नसेल."

तो आत गेला. चिरंजीवांनी मोठा श्वास सोडला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बघ आई, उशिराचा संबंधही सिद्ध होत नाही."

मी तो हात उचलून बाजूला ठेवला. मला त्याची किळस आली. आई असून आली. याला मी मांडीवर घेऊन झोपवलं, याचं पहिलं पाऊल पडलं तेव्हा गल्लीभर सांगत फिरले. त्या घटकेला समोर बसला होता तो विम्याचा माणूस, आणि दारापलीकडे जे जळलं होतं ते त्याचं काम नव्हतं.

सून घरी आली. वाळली होती. डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता, चार पावलं टाकली की थांबत होती. चिरंजीवांनी बॅग उचलली, उशा लावल्या, फळं चिरली. वाईट माणूस नाही हो तो, असं येणारे-जाणारे सांगत होते. वाईट असता तर बरं झालं असतं. वाईट माणसाला आपण काय केलं ते निदान ठाऊक असतं.

पहिल्या दिवशी ती टेबलाशी येऊन जेवली. थोडंसंच, पण आमच्याबरोबर. जेवण झालं. चिरंजीवांनी उठून खिडकी उघडली, चांगली सताड. तेवढी काळजी घेतली त्यांनी. मग खुर्ची खिडकीकडे थोडी सरकवली, खिशातून पाकीट काढलं आणि शिलगावली.

मी तोंड उघडणार तेवढ्यात सून उठली. बरगडीवर हात दाबून, टेबलाच्या कडेकडेनं. मला वाटलं पडायला चालली. ती बेडरूमकडे गेलीच नाही. दाराशी गेली आणि खुंटीवरचा काळा मास्क काढला.

तो तोंडाला लावला, पण पट्टे डोक्यामागे न्यायला तिचा हात वर जाईना. तिनं माझ्याकडे बघितलं. मी उठले, तिच्या मागे उभी राहिले, केस बाजूला केले आणि दोन्ही पट्टे ओढून अडकवले. घट्ट बसला का विचारलं. तिनं मान हलवली. मग ती हळूहळू परत आली आणि नवऱ्याच्या बरोबर समोरच्या खुर्चीवर बसली, हात मांडीवर ठेवून.

"हे काय?" चिरंजीव म्हणाले.

"धूर कुणाचा, कशाचा, ते मागाहून ठरेल," सून म्हणाली. आवाज आतून येत होता, खोल, डब्यात बोलल्यासारखा. मधे तिला श्वास घ्यायला थांबावं लागलं. "आधी मास्क."

कितीतरी दिवसांनी ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती. या वेळी कशाची वाट बघत नव्हती.

"तुमचं चालू द्या," ती म्हणाली.

त्या दोन डब्यांमधून तिचा श्वास आत जाताना आणि बाहेर येताना ऐकू येत होता. चिरंजीवांच्या बोटांत सिगरेट तशीच जळत होती. राख वाढत गेली आणि त्यांच्या ताटात पडली. त्यांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मग खिडकीकडे बघितलं.

खिडकी उघडीच होती.